विकायची रोट्टी

मला श्रावण आवडत नाही. सांगून टाकते एकदाचं, म्हणजे पुढं इंद्रधनुष्य बिंद्रधनुष्य मिळेल म्हणून कुणी वाचत बसायला नको. माझ्या नाकाला श्रावणाचा वास येतो तो तव्यावरच्या जोंधळ्याच्या पिठाचा. आषाढ सरत आला की हुबळीच्या गल्ल्यांतून तो सुटतो. सकाळी खिडकी उघडावी, बाहेर झिमझिम चाललेली असावी, आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून थप्प थप्प थप्प आवाज यावा. मी खिडकी लावून घेते. नवरा म्हणतो, "अगं, हवा येऊ दे की जरा." त्याला काय सांगणार?

आमच्याकडं नागपंचमीच्या आदल्या दिवशी रोट्टी पंचमी असते. पंचमीला तवा चुलीवर चढवायचा नाही, म्हणून आधीचे आठ-दहा दिवस घरोघरी जोंधळ्याच्या आणि बाजरीच्या रोट्ट्या करून ठेवतात. कडक रोट्ट्या. पापडागत पातळ, वर तीळ, मोडल्या की कट्कन वाजणाऱ्या. मग त्या दिवशी रोट्ट्यांवर मटकीची उसळ, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी असं सगळं मांडून शेजारीपाजारी पाठवायचं. आपल्या रोट्ट्या त्यांच्याकडं, त्यांच्या आपल्याकडं. दुपारी जेवायला बसलं की ताटात गल्लीतल्या दहा घरांचे हात असतात. किती चांगली रीत आहे, नाही? मीही दरवर्षी वर्गातल्या मुलांना असंच सांगते.

यंदा शैलाचा निरोप आला. शैला माझी शाळेतली मैत्रीण, विद्यानगरात मोठं घर आहे तिचं. आम्हा सात-आठजणींचा फोनवर एक गट आहे, त्यावर तिनं लिहिलं, "रोट्टी पंचमीला सगळ्या माझ्याकडं. कुणी काही करायचं नाही, सगळं मागवू. अंजू, रोट्टीचं दुकान तुझ्या वाटेवर पडतं, तू घेऊन ये." आणि लगेच खाली, "अगं, गंमत ठाऊक आहे का? ते दुकान कस्तुरीचं आहे! आपल्या वर्गातली! तू जिचं तोंड बंद केलं होतंस ती!" त्याखाली हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग.

मी पण एक हसणारं तोंड पाठवलं. मग फोन पालथा ठेवला आणि उगाच ओटा पुसत बसले.

ही गोष्ट मी आजवर कितीदा सांगितली असेल, देव जाणे. मी धारवाडच्या एका शाळेत शिकवते. दर वर्षी एखादी पोरगी रडत येते, अमकी मला चिडवते, तमकी माझा डबा घेते. मी तिला जवळ बसवते आणि सांगते, "माझ्या वर्गात पण एक दांडगट मुलगी होती बरं का. सगळ्या तिला टरकायच्या. एक दिवस मी उभी राहिले, सगळ्यांसमोर बोलले, आणि त्या दिवसापासून सगळ्या माझ्या मैत्रिणी झाल्या." पोरगी डोळे पुसते. एकदा पालकांच्या सभेत सांगितली तर टाळ्या पडल्या. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी फक्त काही वाक्यं गिळते. गिळायची इतकी सवय झाली आहे की घशाला आता कळतही नाही.

आज गिळणार नाही म्हणते. बघू किती जमतं.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. बाबांच्या मामांचं हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान होतं, मामा थकले, त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. मी सातवीत जायची होते. कमरीपेठेच्या कडेला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या आणि जवळची म्हणून कन्नड शाळेत माझं नाव घातलं. मला कन्नड यायचं ते एक ते दहा आकडे आणि "नीर कोडु", पाणी दे. आईला तेवढंही येत नव्हतं. बाबा दिवसभर दुकानात, आई दिवसभर त्या दोन खोल्यांत. गल्लीतल्या बायका ओट्यावर बसून हसायच्या, आई दारात उभी राहून त्यांच्याबरोबर हसायची, कशाला हसतायत ते न कळता. मला तिचा राग यायचा. आता येतो तो स्वतःचा.

शाळेत पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत मी डबा उघडला. आईनं भाकरी दिली होती, आमच्याकडची मऊ, पदर सुटलेली, वर लोण्याचा गोळा. वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी येऊन समोर उभी राहिली. कस्तुरी. दोन वेण्या वर बांधलेल्या, खो-खोत कुणाला न सापडणारी, फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा मान तिचा. तिनं माझी भाकरी दोन बोटांत काठाला धरून वर उचलली. भाकरी लोंबली.

"नोड्रे," ती सगळ्यांना म्हणाली, बघा गं. "मेत्तन्न!"

मेत्तन्न म्हणजे मऊ, लिबलिबीत. मग तिनं ती भाकरी माझ्या डोक्यावर ठेवली, ताप आलेल्या माणसाच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवतात तशी. लोणी कपाळावरून नाकावर आलं. चाळीस मुली हसल्या. मी भाकरी काढलीसुद्धा नाही, तशीच बसून राहिले, कारण काढल्यावर काय करायचं ते मला सुचेना.

त्या दिवसापासून मी मेत्तन्न. हजेरीला मेत्तन्न, नळावर मेत्तन्न. नळावर माझा नंबर शेवटी, आणि मी पोचले की घंटा. माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही, बसलं तर कस्तुरी तिचं नाव फळ्यावर लिहायची. वहीत शाई, वेणीत बाभळीचा काटा. मी डबा न खाता परत न्यायला लागले. आई विचारायची, "भाकरी तशीच? बरं नाही का गं?" मी म्हणायची, "इथली रोट्टी कडक असते, तुला काही येत नाही." आईच्या तोंडाकडं मी बघत नसे.

मला त्या दिवसांत एकच गोष्ट हवी होती. शैलाच्या परसात चिंचेचं मोठं झाड होतं. पंचमीला त्याला झोका बांधायचे, आणि वर्गातल्या मुली तिथं जमायच्या. दोघी दोघी समोरासमोर उभं राहून झोका चढवायचा. आदल्या दिवशी शाळेत सगळ्याजणी रोट्ट्या आणून एकमेकींत बदलायच्या, आणि जिची रोट्टी सगळ्यांनी घेतली ती झोक्याला यायची. तसा काही नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण होता. जिची रोट्टी कुणी घेतली नाही तिनं पंचमीला घरी बसायचं. माझी मऊ भाकरी कोण घेणार होतं?

मी आईला सांगितलं. भाकरी डोक्यावर ठेवल्याचं नाही, फक्त कडक रोट्टी पाहिजे एवढंच. आईनं शेजारच्या अक्कांना खुणा करकरून विचारलं. अक्कांनी तिला हाताला धरून कमरीपेठेतल्या एका खानावळीत नेलं. तिथं गंगव्वा नावाची बाई रोट्ट्या करायची, खानावळीच्या आणि बाहेर विकायच्याही. आई रोज दुपारी तिच्याकडं शिकायला जायला लागली. पीठ उकळत्या पाण्यात कसं मळायचं, थापता थापता कशी फिरवायची, तव्यावर पाण्याचा हात केव्हा फिरवायचा, आणि चुलीच्या कडेला उभी करून कशी वाळवायची. संध्याकाळी आई घरी यायची ती हसत. "गंगाक्का अशी म्हणाली, गंगाक्का तशी म्हणाली." भाषा कळत नव्हती, तरी या दोघी तीन-तीन तास काय बोलायच्या कोण जाणे. हुबळीत आल्यापासून आईनं पहिल्यांदा कुणाचं तरी नाव घेतलं होतं.

गंगव्वा शिकवायचे पैसे घेईना. म्हणून आईनं लिंबाच्या लोणच्याची बरणी भरली आणि एका सकाळी शाळेच्या आधी मला ती द्यायला पाठवलं. खानावळीच्या मागच्या खोलीत धूर होता. आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. डोक्याला फडकं बांधून, शाळेचा निळा परकर गुडघ्यांत खोचून, पाटावर बसून एक मुलगी रोट्टी थापत होती. तिच्या उजव्या हाताला रोट्ट्यांची चळत तिच्या खांद्याएवढी आली होती. तळहात लालभडक. कस्तुरी.

शाळेत तिनं सांगितलं होतं की तिच्या वडिलांची अमरगोळच्या बाजारात अडत आहे, मिरचीच्या पोत्यांचे ढीग असतात, हाताखाली वीस हमाल. तिचे वडील त्या खोलीतच खाटेवर होते. ते त्या बाजारात हमालच होते. पाठीत पोतं बसलं होतं, तेव्हापासून उठत नव्हते. मला बघून ते म्हणाले, "बा, मगळे," ये बाळ. गंगव्वानं बरणी घेतली, झाकण काढून वास घेतला आणि माझ्या गालावरून पिठाचा हात फिरवला.

कस्तुरी माझ्या मागोमाग दारापर्यंत आली. तिनं मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. "अंजली." मग हळू म्हणाली, "शाळेत सांगू नकोस. देवाशपथ सांगू नकोस."

मी म्हणाले, "नाही सांगणार." मनापासून म्हणाले. तेवढं श्रेय तरी मला मिळू दे.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी माझ्या गोष्टीत कधीच सांगत नाही. कारण त्या पंधरा दिवसांत कस्तुरीनं मला एकदाही त्रास दिला नाही. नळावर तिनं मला पुढं ढकललं. माझ्या बाकावर कुणी बसलं तर फळ्यावर नाव नाही. एकदा सगळ्या मैदानावर असताना ती वर्गात माझ्याजवळ आली आणि तिनं पाटीवर ओल्या बोटांनी दाखवलं, "पाण्याचा हात असा फिरवायचा, मधून कडेला. आईला सांग तुझ्या. तिची मधे जाड राहते." आम्ही दोघी हसलो. सोमवारी ती हिंगासारखा वास येणारी शेंगाचटणी कागदात बांधून घेऊन आली, बाकाखालून दिली. मैत्री म्हणावी असं ते काही नव्हतं. पण आणखी एक महिना मिळाला असता तर झाली असती, असं मला वाटतं. हे वाटणं फार वाईट आहे. नसतं वाटलं तर बरं झालं असतं.

एक मात्र होतं. बाकीच्या मुली अजूनही मला मेत्तन्न म्हणायच्या. कस्तुरीनं लावलेली ती सवय आता कस्तुरीनं सोडली तरी त्यांनी सोडली नव्हती.

रोट्टी पंचमीचा दिवस. सकाळपासून भुरभुर होती. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही चाळीसजणी दोन रांगांत समोरासमोर बसलो, मधे उघडलेले डबे. ओल्या परकरांचा, चटण्यांचा, भिजलेल्या भिंतीचा वास. अक्कोरू, म्हणजे आमच्या बाई, टोकाला खुर्चीवर. माझ्या डब्यात आईच्या रोट्ट्या होत्या. तीन रात्री खपून केलेल्या, बारा मोडल्यावर जमलेल्या पंचवीस. हवेनं मऊ पडू नयेत म्हणून आईनं डब्याच्या तोंडाला दुहेरी फडकं लावलं होतं.

कस्तुरी रांगेतून आली. माझ्यासमोर थांबली. एक रोट्टी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी काठाला धरली. लोंबली नाही. मग मोडली. कट्.

ती हसली आणि म्हणाली, "अरे वा! मेत्तन्न शिकली की!"

आणि सगळ्या हसल्या.

आज मी पंचेचाळीस वर्षांची आहे, शेकडो पोरी हाताखालून गेल्या, त्यांचं चिडवणं कुठलं आणि लाडाचं कुठलं ते मला आवाजावरून कळतं. ती मला शाबासकी देत होती. ती मला रांगेत घेत होती. तिच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता माझ्यासाठी. पण मी त्या दिवशी बारा वर्षांची होते आणि मला फक्त चाळीस तोंडांचं हसणं ऐकू आलं, आणि कपाळावरून नाकावर येणारं लोणी.

मी उभी राहिले. तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये, पण खणखणीत म्हणाले, "माझी रोट्टी माझ्या आईनं घरी केली आहे. तुझी कुठली आहे ते सांग. तुझी आई खानावळीत रोट्ट्या विकते. तुझे वडील अडते नाहीत, हमाल आहेत. ही विकायची रोट्टी आहे, बदलायची नाही!"

विकतची रोट्टी त्या दिवशी कुणाला देत नाहीत. घरची द्यायची, घरच्या हातची. म्हणून माझं बोलणं बरोबर जागी बसलं. पण खरं काय होतं ते मला ठाऊक होतं. त्या रोट्ट्या कस्तुरीनं पहाटे उठून वेगळ्या, स्वतः थापल्या होत्या. आदल्या दिवशीच मला म्हणाली होती, "शाळेसाठी मी निराळ्या करणार, वर तीळ जास्त." त्या व्हरांड्यात चाळीस डबे होते, आणि स्वतःची रोट्टी स्वतः करून आणलेली मुलगी एकच होती. बाकी आम्ही सगळ्या आयांच्या जिवावर.

आधी शैलानं आपल्या डब्यातली कस्तुरीची रोट्टी काढली आणि तिच्या डब्यात परत टाकली. मग तिच्या शेजारणीनं. मग सगळ्यांनी. नुसत्या रोट्ट्या पडत होत्या, एकीवर एक, आणि मोडत होत्या. इतकी वर्षं जिला टरकून होत्या तिचा सूड असा फुकटात मिळाल्यावर कोण सोडणार? कस्तुरी आपल्या जागी जाऊन खाली बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. तिला फक्त कळत नव्हतं. "मी तर तुला चांगली म्हणाले," असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. अक्कोरूंनी तिला काही विचारलं नाही. मला म्हणाल्या, "धीट झालीस गं."

लोक म्हणतात, दांडगटासमोर उभं राहावं. राहावंच. जूनमध्ये ती भाकरी डोक्यावर होती तेव्हा मी उभं राहायला हवं होतं. मी उभी राहिले ती आषाढ सरल्यावर, आणि जिच्यासमोर उभी राहिले ती तोवर खाली बसली होती.

माझ्या पंचवीसच्या पंचवीस रोट्ट्या गेल्या. शैलानं माझ्या गळ्यात हात टाकला. "उद्या झोक्याला ये हं." मेत्तन्न हा शब्द त्यानंतर मी कधी ऐकला नाही.

घरी मी उड्या मारत गेले. आईला सगळं सांगितलं, अगदी रंगवून. आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले. मग म्हणाली, "गंगाक्काच्या पोरीला?"

"हो! तीच मला छळत होती, आई!"

"छळत होती तर मला सांगायचं होतंस. मी गेले असते, गंगाक्काशी बोलले असते." तिनं परात बाजूला सारली. "तिनं मला शिकवलं गं. माझ्याकडून एक पै घेतली नाही. आता मी कुठल्या तोंडानं जाऊ?" आणि मग ते, जे मी कुठल्याच सभेत सांगितलं नाही. आई म्हणाली, "तुला चाळीस पोरी मिळाल्या. माझी एकच होती."

आई पुन्हा कमरीपेठेत गेली नाही. लोणच्याची बरणी तिकडंच राहिली. हुबळीत ती पुढं तीस वर्षं राहिली, कन्नड फर्डं बोलायला लागली, हळदीकुंकवाला पन्नास बायका यायच्या. पण गंगाक्कासारखं कुणाचं नाव तिच्या तोंडी परत आलं नाही. दर पंचमीला ती रोट्ट्या करायची, झकास करायची, आणि पाण्याचा हात मधून कडेला फिरवायची. मी बघत असले की ती तोंड फिरवून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी मी झोक्यावर चढले. समोर शैला. चिंचेची ओली फांदी करकरत होती, परकर फुगत होते, खाली मुली ओरडत होत्या, अजून वर, अजून वर! मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मला फार आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? मला फार फार आनंद झाला होता.

कस्तुरी शाळेत येत राहिली, वार्षिक परीक्षेपर्यंत, शेवटच्या बाकावर. फळ्यावर नावं लिहायचं काम अक्कोरूंनी मला दिलं होतं. आठवीत ती आली नाही. तिच्या वडिलांमुळं असेल, कामामुळं असेल, घरोघरी हजार कारणं असतात. मी ती सगळी कारणं पाठ केली आहेत.

यंदा आई जाऊन तीन वर्षं झाली. शैलाचा निरोप आल्यावर मी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी जोंधळ्याचं पीठ आणलं. पाणी उकळलं. सात मोडल्या, पाच जमल्या. तीळ जास्त लावले. डब्याला दुहेरी फडकं बांधलं. मनात एवढंच होतं की कस्तुरीनं यांतली एक घ्यावी आणि तिची एक मला द्यावी. बस. माफी वगैरे मोठे शब्द माझ्या तोंडात बसत नाहीत.

रोट्टी पंचमीला तो डबा घेऊन गेले. दुकान चांगलं मोठं आहे. मागं सात-आठ बायका ओळीनं थापतायत, पुढं काचेच्या कपाटात रोट्ट्यांच्या चळती, दारात पंचमीची गर्दी. आता घरी कोण करतं? सगळं गाव विकत घेतं आणि एकमेकांना पाठवतं. विकतची चालत नाही असं म्हणायला कुणाच्या घरात तोंड उरलं आहे? कस्तुरी कपाटामागं होती. केस पिकलेले, जाड चष्मा, उंची तीच. मी शैलाचं नाव सांगितलं. तिनं बांधून ठेवलेला मोठा डबा पुढं सरकवला, आणि चष्म्यावरून बघितलं.

"अंजली ना?" तिनं विचारलं. मराठीत. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांकडून शिकली असेल.

"हो. ओळखलंस?"

"न ओळखायला काय झालं?" ती म्हणाली. "आई कशी आहे?"

"गेली. तीन वर्षं झाली."

ती म्हणाली, "माझी पण गेली. फार नाव काढायची तुझ्या आईचं. त्या पंचमीला बरणीत उंडे, पंचमीचे लाडू, भरून ठेवले होते तिनं, तुमच्याकडं पाठवायला. रिकामी बरणी कशी परत करायची म्हणून. तुझी आई आलीच नाही. आठ दिवसांनी आम्हीच खाल्ले."

मी पिशवीतून माझा डबा काढला, फडकं सोडलं, तिच्यासमोर ठेवला. "मी केल्यात. घरी. कस्तुरी, एक बदलू या का?"

तिनं एक रोट्टी उचलली. काठाला धरली. लोंबली नाही. कोपरा मोडला, कट्, कानाजवळ धरून ऐकावा तसा ऐकला. "चांगली झाली," ती म्हणाली. "मधे पातळ आहे." मग मोडलेला कोपरा तिनं परत डब्यात ठेवला, झाकण लावलं, माझं फडकं नीट चार पदरी बांधलं, आणि डबा माझ्याकडं सरकवला.

"आमच्या विकायच्या आहेत, अंजली," ती म्हणाली. "बदलायच्या नाहीत."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. साखर संपली आहे सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मग माझ्या खांद्यावरून मागं बघून म्हणाली, "पुढं कोण आहे? या, अक्का."

मी दोन डबे घेऊन रिक्षात बसले. बाहेर भुरभुर चालू होती.

शैलाच्या गच्चीवर आता पितळी साखळ्यांचा झोपाळा आहे. सगळ्या जमल्या होत्या. मला बघून ओरडा झाला, कुणी डबा घेतला, कुणी पाणी दिलं, दोघी सरकल्या आणि मधे जागा झाली. "ये, ये, इथं बस." मी बसले. कुणीतरी पायानं झोका दिला.

शैलानं डबा उघडला, रोट्टी मोडली, आणि हसत विचारलं, "काय गं, ओळखलं का तिनं तुला?"

सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. माझा डबा पिशवीत, मांडीवर होता.

"छे गं," मी म्हणाले. "कुठली ओळखते?"

आणि सगळ्यांबरोबर हसले.